एकच दिवा लाल

माझा धंदा काय, हे लोकांना समजावून सांगताना मी कायम दमतो. नुसतं वायरमन म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण 'सेन्सर बसवतो' म्हटलं की समोरचा एक तर "म्हणजे कॅमेरे?" असं विचारतो, नाहीतर "आमच्या बंगल्याच्या गेटची बेल वाजत न्हाय, जाता जाता बघून जावा की" म्हणतो. माझ्या मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत काटेवाडीच्या आमच्या चुलत्यांनी पाहुण्यांना सांगितलं, "मुलीचे वडील खोलीत माणसं हायत का न्हाईत ते बघत्यात." पाहुणे बराच वेळ मला जनगणनेतला माणूस समजून बोलत होते. मीही खुलासा केला नाही. सोयरीक जमली.

पण चुलते चुकीचं बोलले नव्हते. खोलीत माणूस आहे की नाही एवढंच ओळखायचं, हाच या यंत्राचा सगळा पराक्रम. छताला वाटीएवढी पांढरी डबी असते. माणसाच्या अंगाची ऊब हलली की तिला कळतं. कळलं की दिवे, पंखे, एसी चालू. बराच वेळ काही हललं नाही की बंद. आयटीआय झाल्यापासून मी बारामतीच्या एमआयडीसीत दिवे लावत होतो. पुढे या डब्यांचं काम घेतलं आणि दिवे विझवायला लागलो. वीजबिल कमी झालं की लोक माझं नाव घेत, आणि चुकीच्या वेळी अंधार झाला की तेव्हाही माझंच घेत.

या डबीचा एक स्वभाव आधीच सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. जो हलत नाही, तो तिच्या लेखी नाही. बारामतीच्या एका मंगल कार्यालयात मी वऱ्हाडाच्या खोल्यांना डब्या बसवल्या. पहिल्याच लग्नात नवऱ्या मुलाचे आजोबा जेवण करून एसीच्या खोलीत आडवे झाले. म्हातारा असा गाढ झोपला की डबीने खोली रिकामी धरली आणि दिवा, एसी सगळं बंद केलं. घामाने जागे होऊन आबा अंधारात चाचपडत बाहेर आले आणि मांडवात सगळ्यांसमोर म्हणाले, "मी जित्ता हाय, पण तुमच्या मशीनला पटंना." कार्यालयाच्या मालकाने मला फोन केला तेव्हा मागून वऱ्हाडाचं हसणं ऐकू येत होतं.

दुसरा किस्सा एका कचेरीतला. कुठली ते विचारू नका, मला त्या रस्त्याने जावं लागतं. तिथल्या साहेबांच्या केबिनमध्ये दिवा सारखा विझायचा. बाहेरची सगळी मंडळी काचेतून बघत बसायची, की आता विझला, आता साहेब हात हलवणार, आता लागला. साहेब माझ्यावर चिडले. "मी विचार करत असतो," म्हणाले. मी डबीची वेळ वाढवून दिली. तरीही विझायचा. शेवटी शिपाई माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मिस्त्री, राहू द्या आता. विचार लई खोल हाय."

हे झालं हसण्यावारी. आता जे सांगायचं आहे ते इंदापूरचं. ते मला अजून अधूनमधून आठवतं आणि प्रत्येक वेळी हसू येतंच असं नाही.

इंदापुरात एसटी स्टँडपासून जवळच एका मंडळाची अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे दिवसभर पुस्तकं घेऊन बसतात. पहिल्या मजल्यावर मुलांची खोली, दुसऱ्यावर मुलींची. मंडळाचे अध्यक्ष तात्या म्हणजे उसाचे बागायतदार. माणूस सरळ, पण आतबट्ट्याचा व्यवहार खपत नाही. मुलांच्या खोलीत जागा पुरत नव्हती, पोरं जिन्यात पुस्तकं घेऊन बसायची. वर मुलींच्या खोलीत किती येतात, याचा तात्यांना पत्ता नव्हता. कारण तिथे पुरुषाने जायचं नाही हा नियम तात्यांनीच घालून दिला होता आणि ते स्वतः तो पाळत. आत कॅमेरा लावायचा तर प्रश्नच नव्हता. कुठल्या बापाने मुलगी पाठवली असती?

म्हणून त्यांनी मला बोलावलं. यावेळी मी छतावरच्या डब्या न बसवता दुसऱ्या जातीच्या बसवल्या. या साबणाच्या वडीएवढ्या असतात आणि टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवतात. खुर्चीवर माणूस बसला की त्याच्या गुडघ्यांची ऊब त्यांना लागते. आबांसारखा गाढ झोपला तरी लागते. प्रत्येक खुर्चीचा एक दिवा दाराबाहेरच्या बोर्डावर असतो. रिकामी तर हिरवा, भरली तर लाल. तेच चित्र तात्यांना मोबाईलवर दिसायचं. पंखेही त्यालाच जोडले होते. खोलीत एक जरी खुर्ची भरली तरी सगळे पंखे चालू, सगळ्या रिकाम्या झाल्या की बंद. कोण बसलंय, मुलगी कुणाची, यातलं काहीही त्या डबीला कळत नाही. तात्यांना ही गोष्ट फार आवडली होती. "बघायचं बी न्हाय आन् कळायचं बी," म्हणाले.

महिना-दीड महिन्याने त्यांचा फोन आला. मुलांच्या खोलीचा बोर्ड सकाळपासून लालभडक आणि मुलींच्या खोलीत एकच दिवा लाल. रोज एकच, तोही कोपऱ्यातल्या एकाच खुर्चीचा.

"एका पोरीसाठी एवढी खोली अडवायची का?" तात्या म्हणाले. "मंडळात ठरलंय. येत्या एक तारखेपास्नं वरची खोली बी पोरांना द्यायची. पण कमलबाई म्हणती, पोरी येत्यात. तुमी एकदा मशीन बघून जावा, म्हंजे मनाला रुखरुख नको."

कमलबाई म्हणजे मुलींच्या खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसणारी बाई. झाडलोट करायची, पाणी भरायची, पुरुष वर आला तर हटकायची. खोली गेली तर तिचं काम जाणार, म्हणून ती तसं सांगत असेल, असा मंडळातल्या सगळ्यांचा ग्रह. माझाही तोच होता.

मी सकाळी खोली उघडायच्या आधी गेलो, कारण नंतर मला आत जाता आलं नसतं. एकेका खुर्चीवर बसलो, बाहेर येऊन दिवा बघितला, पुन्हा आत. प्रत्येक डबी शहाण्यासारखी वागत होती. बसलं की लाल, उठलं की हिरवा. तात्यांना फोन करून सांगितलं, मशीन चोख आहे. खाली उतरून गाडीला किक मारली तेव्हा लक्षात आलं, पेचकस वरच राहिला. समोरच्या टपरीवर आधी चहा घेतला, एक-दोन फोन केले आणि मग वर गेलो.

दाराबाहेर चपलाच चपला. पट्ट्याच्या, रबरी, टाच असलेल्या एक-दोन, पार जिन्याच्या कठड्यापर्यंत. आणि वर बोर्डावर सगळे दिवे हिरवे, कोपऱ्यातला तेवढा एक लाल.

मी कधी चपलांकडे बघत होतो, कधी बोर्डाकडे. एवढी वर्षं मी यंत्राच्या बाजूने भांडलोय. गिऱ्हाईक म्हणणार यंत्र खोटं बोलतं, आणि मी म्हणणार यंत्र खोटं बोलत नाही, तुम्ही बोलता. पण चपला कशाला खोटं बोलतील?

"कमलबाई, ह्या कुणाच्या?"

"कुणाच्या म्हंजी? पोरींच्या." तिने माझा पेचकस पदराखालून काढून दिला. "एवढे दिस मी काय वरडती हाय? तात्या म्हणत्यात, मोबाईलवर दिसत न्हाय."

"मग खुर्च्या रिकाम्या कशा?"

"ते त्यांनाच इचारा. रूपाली, ये गं जरा भाईर."

एक किडकिडीत मुलगी ओढणी सावरत दारात आली. पळसदेवची. वडील उजनीच्या पाण्यावर मासे धरतात. ही रोज एसटीने येते आणि तलाठ्याच्या परीक्षेला बसणार आहे. एवढं कमलबाईनेच सांगून टाकलं. मी विचारलं तशी ती जमिनीकडे बघत म्हणाली,

"काका, आमी खाली बसतो."

"खाली म्हणजे?"

"फरशीवर. घरनं बस्करं आणलीत सगळ्यांनी. भिंतीला टेकून बसतो."

"आणि ती कोपऱ्यातली खुर्ची?"

आता तिला जरासं हसू आलं. "कुणीच खुर्चीवर न्हाय बसलं की पंखे बंद पडत्यात. मग एकीनं तितं बसायचं. पाळ्या लावल्यात."

मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू? माझ्या यंत्राची मेख या मुलींनी पहिल्या आठवड्यातच ओळखली होती आणि पंखा चालू ठेवायला एक मुलगी खुर्चीवर नेमून दिली होती. वऱ्हाडाच्या खोलीत एवढी अक्कल कुणी लढवली नव्हती. पण मंडळाने चांगल्या खुर्च्या दिल्या असताना दिवसभर फरशीवर का बसायचं, ते मला कळेना. खाली बसायची सवय असेल, गारवा लागत असेल, असं काहीतरी मी धरून चाललो होतो.

"सवय म्हणून बसता का?"

कमलबाईने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. रूपाली म्हणाली, "खुर्चीवर बसलं की खालनं दिसतं."

"कुणाला?"

"टपरीवरच्या पोरांना. कोपरा तेवढा भिंतीआड हाय."

मी नुकताच त्याच टपरीवर चहा पिऊन आलो होतो. पण मी टपरीकडे तोंड करून उभा होतो आणि फोनवर बोलत होतो. वर बघायचं माझं काही कारणच नव्हतं.

"मग तात्यांना सांगायचं नाही का?"

"सांगितलं तर गावात कळंल. घरी कळंल." ती आता भरभर बोलायला लागली. "घरी कळलं की त्या पोरांना कोण काय म्हणत न्हाय काका. आमालाच घरी बसवत्यात. माझ्या वडलांनी पाठवताना सांगितलंय, पोरींची येगळी खोली हाय तंवर जा. आता एक तारखेला खोली चालली म्हणत्यात. मग मला घरीच बसायचं हाय. परीक्षा जवळ आलीया."

तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं, समजूत घालता आली असती. ती मला नुसती परिस्थिती सांगत होती. खुर्चीवर बसलं तर दिसतो म्हणून घरी, खाली बसलं तर दिसत नाही म्हणून घरी. मला स्वतःचाच राग आला, त्या पोरांचा आला, आणि तासाभरापूर्वी 'मशीन चोख आहे' म्हणून दिलेल्या दाखल्याचा तर फारच आला.

खाली उतरलो आणि टपरीच्या बाकावर मुद्दाम अभ्यासिकेकडे तोंड करून बसलो. वर दुसऱ्या मजल्यावर मोठ्या काचेच्या खिडक्या. काचेतून खुर्च्यांच्या पाठी ओळीने दिसत होत्या, अगदी मोजता येतील अशा. बाकावर माझ्याशेजारी तिघेजण होते. त्यातला एक मधूनच वर बघायचा, शीळ घालायचा आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालायचा. वर कुणी दिसत नव्हतं तरी. सवयच होती.

तात्यांना फोनवर काही बोललो नाही. रूपालीचं नाव तर कुठेच घेणार नव्हतो. मळ्यात जाऊन त्यांना गाठलं आणि म्हणालो, "मशीन चोख आहे, पण तुम्हाला एक जागा दाखवायचीय. चहा प्यायला चला."

तात्या टपरीवर आले तशी ती पोरं सावरून उभी राहिली. मी तात्यांना बाकावर बसवलं आणि सांगितलं, वर बघा. ते बघत राहिले. तेवढ्यात खोलीतली एक मुलगी पाण्याची बाटली भरायला उठली असावी. तिचं डोकं आणि खांदे काचेत दिसले, आणि ती खिडकीपाशी येताच एकदम वाकली. वाकूनच पुढे गेली. कुंपणाच्या तारेखालून जावं तशी.

"ही अशी का चालती?" तात्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळ्या खाली बसतात हे सांगितलं, पंख्याची पाळी सांगितली, दाराबाहेरच्या चपला सांगितल्या. तात्या माझ्यावर खेकसले, "मग सांगायचं त्यास्नी, खुर्चीवर बसा म्हणून! कोण काय करतं बघतो मी." बाकाजवळची पोरं तोवर निघून गेली होती. तात्यांचा आवाज आपोआप खाली आला. चहा आला, तो त्यांनी हातातच धरला.

"माझी पुतणी यायची हितं," ते म्हणाले. "सुरुवातीला. दोन महिन्यांत सोडलं तिनं. का म्हणून इचारलं तर म्हणली, मन लागत न्हाय. मी सगळ्यांम्होरं बोललो तिला. तुला खोली बांधून दिली, खुर्च्या दिल्या, आन् मन लागत न्हाय? आळशी म्हणलो." मग म्हणाले, "लगीन करून दिलं तिचं."

तात्यांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

पुढचं काम फार मोठं नव्हतं. पडद्यांचा विचार झाला, पण पडदा पंख्याने उडतो आणि वारा अडवतो. शेवटी मी बारामतीहून दुधी फिल्म आणली. मोटारींच्या काचांना चिकटवतात तसलीच, पण पांढरी. उजेड येऊ देते, आरपार दिसू देत नाही. त्या खिडक्यांचा खालचा भाग पक्का होता आणि वरचा उघडणारा, त्यामुळे खाली फिल्म आणि वरून वारा अशी सोय झाली. सुट्टीच्या दिवशी मी आणि माझा कारागीर मिळून ती चिकटवली. बुडबुडे राहू नयेत म्हणून मी एवढी काळजी कुठल्याच कामात घेतली नसेल. पोरांबद्दल तात्यांनी टपरीवाल्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण बाकाचं तोंड टपरीकडे फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, तात्या आणि मंडळातले दोघे वरच्या जिन्यात बोर्डासमोर उभे होतो. मुली आमच्या बाजूने खाली मान घालून आत गेल्या. चपला साठल्या. दिवे मात्र हिरवेच, कोपऱ्यातला तेवढा लाल. मंडळातल्या एकाने घसा खाकरला. तेवढ्यात रूपाली दारात आली आणि तात्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणाली, "काका, खालनं खरंच दिसत न्हाय?"

"मी बघितलंय."

"आता आमी आत हाय. आता बघा."

बरोबरच होतं तिचं. मी रिकाम्या खोलीची काच बघितली होती. माझ्या सगळ्या तपासण्या रिकाम्या खोलीतच व्हायच्या. मी मुकाट्याने खाली उतरलो, टपरीपाशी उभा राहिलो आणि वर बघितलं. इकडून बघितलं, स्टँडच्या बाजूने जाऊन बघितलं. काचा पांढऱ्या होत्या. आत माणूस आहे की नाही, कुणी सांगू शकलं नसतं. उभ्या आयुष्याची विद्या लावून मलाही सांगता आलं नसतं.

जिना चढून वर आलो आणि दारातूनच म्हणालो, "न्हाय दिसत."

आत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. आधी एक, मग दोन-तीन, मग सगळ्याच. बोर्डावर कोपऱ्यापासून लाल पसरत गेला. तात्या बघत उभे राहिले. मंडळातले एकजण मला म्हणाले, "दुरुस्त झालं म्हणायचं मशीन." मी व्हय म्हणालो. मशीनला मी हात लावला नव्हता.

मला वाटलं, काम संपलं. पण एक तारखेच्या आसपास दुसऱ्या एका कामासाठी इंदापूरला गेलो होतो, तेव्हा टपरीपाशी एक माणूस दिसला. गुडघ्यापर्यंत विजार, खांद्यावर टॉवेल, हातात रिकामी मोठी पिशवी. अभ्यासिकेकडे बघत उभा होता. टपरीवाल्याने माझ्याकडे बोट केलं, "हे बघा, ह्यांनीच मशीन बसवलंय." तो माणूस जवळ आला.

"मी पळसदेवचा. पोरगी हाय माझी वर. रूपाली." म्हणाला, "भिगवणला मच्छी टाकून आलो तसाच. पोरींची खोली गेली म्हणून कानावर आलंय. तिची पुस्तकं न्यायला आलोय. तिला बी घिऊन जातो."

खोली गेली नाही, मी सांगितलं. ठेवायचं ठरलंय. त्याने मान हलवली, पण पिशवी घडी करून ठेवली नाही. तो वर बघत होता. मुलीच्या बापाने जसं बघावं तसं, एकेक खिडकी, एकेक काच. मग टपरीवर नजर टाकली, बाकाकडे बघितलं, तिथे बसलेल्या पोरांकडे बघितलं. पुन्हा वर. त्याला काही विचारावं लागलं नाही. तो पाण्यावर जाळं टाकणारा माणूस, कुठून काय दिसतं हे त्याला मी काय शिकवणार?

"हितनं काय दिसत न्हाय," तो म्हणाला.

"न्हाय."

"ती आत हाय का पण?"

"मशीन एवढंच सांगतं की खुर्चीवर कुणीतरी आहे. कोण आहे ते सांगत नाही," मी म्हणालो. "हाक मारायची असेल तर कमलबाईला सांगतो, ती बोलावून आणेल."

तो बराच वेळ त्या पांढऱ्या काचांकडे बघत राहिला. मग टॉवेलाने तोंड पुसलं, पिशवीची घडी केली आणि काखेत धरली.

"नको," म्हणाला. "बसू द्या तिला."

आणि मुलीला हाक न मारताच तो स्टँडकडे चालू लागला.